जीपीए 2.9 आहे, मेडिकल स्कूलसाठी आता काय करता येईल?

मोगरा

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, सगळे सिटिझन. लेक या मे महिन्यात बायॉलॉजी घेऊन ग्रॅज्युएट झाली. डॉक्टर व्हायचं हे तिनेच ठरवलंय, आमचा आग्रह नव्हता. जीपीए (4 पैकी सरासरी गुण) पहिल्या वर्षाला 2.3, दुसऱ्याला 2.6, तिसऱ्याला 3.2 आणि शेवटच्या वर्षाला 3.5. एकूण 2.9 होतात. सायन्स-गणित वेगळं काढलं तर 2.7. पहिली दोन वर्षं ह्यांची केमो चालू होती. दर शुक्रवारी ती बसने घरी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दोन्ही सेमिस्टरला सी आहे. हे आता बरे आहेत.

कॉलेजातल्या सल्लागारांनी आकडा बघितला आणि 'दुसरं क्षेत्र बघ' एवढंच सांगून तिला वाटेला लावलं. तेव्हापासून पोरगी गप्प गप्प असते.

सी मिळालेले विषय पुन्हा घ्यावेत का? मास्टर्स करावं का? आणि येत्या जूनमध्ये अर्ज भरावा का? एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, अजून दिलेली नाही. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

पायवाट

मोगराताई, माझा भाचा कॅरिबियनमधल्या एका मेडिकल शाळेत गेला होता. तो डॉक्टर झाला, पण त्याच्या वर्गातले बरेच जण पहिल्या दोन वर्षांतच गळाले, आणि रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण) मिळवताना त्याची फार वणवण झाली. भारतात जायचं म्हटलं तर एनआरआय कोट्यालाही 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते, आणि परत इथे यायचं तर यूएसएमएलई, म्हणजे इथली लायसन्सची परीक्षा, आहेच. आधी इथले सगळे रस्ते बघा, एवढंच सांगेन.

रात्रपाळी

मोगराताई, मी ओहायोत फॅमिली मेडिसिनची रेसिडेंट आहे, डीओ (इथे डॉक्टरकीच्या दोन पदव्या असतात, एमडी आणि ऑस्टिओपॅथिक शाळांची डीओ). माझा जीपीए तुमच्या लेकीच्या आसपासच होता. तिची दोन वर्षं कशात गेली हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी हिशेब करू. चार वर्षांचे 120 क्रेडिट धरले तर 2.9 म्हणजे 348 गुण. आता वर्षभरात तिने आणखी 30 क्रेडिट घेतले आणि सगळीकडे ए (म्हणजे 4) मिळवला, तरी 468 भागिले 150, म्हणजे 3.12. वर्षभर घाम गाळून एकूण आकडा एवढाच हलतो. म्हणून त्या आकड्याच्या मागे लागू नका. सायन्सचा आकडा मात्र बघा. 60 क्रेडिटला 2.7 असेल आणि हे 30 क्रेडिट सायन्सचेच असतील, तर तो थेट 3.13 वर जातो.

दुसरं म्हणजे, ॲमकॅसच्या, म्हणजे बहुतेक एमडी शाळांच्या एकत्रित अर्जात गुणांचा तक्ता असतो. प्रत्येक वर्षाची एक ओळ, आणि पदवीनंतर घेतलेल्या कोर्सची स्वतंत्र ओळ. सायन्स-गणित एका रकान्यात, बाकीचे विषय दुसऱ्यात, एकूण तिसऱ्यात. वाचणारा वरून खाली येतो: 2.3, 2.6, 3.2, 3.5, आणि त्याखाली 4.0. ती शेवटची ओळ तिच्याकडे आज नाही. ती तयार करणं, हेच पुढच्या वर्षाचं काम.

माझ्या इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला, दुसऱ्या वर्षाच्या ओळीवर पेनचं टोक ठेवलं आणि विचारलं, 'इथे काय झालं?' मी दोन वाक्यांत सांगितलं. पेन खाली सरकत पदवीनंतरच्या ओळीवर आलं. त्यानंतर त्या फक्त बायोकेमिस्ट्रीबद्दल आणि माझ्या नर्सिंग होममधल्या कामाबद्दल बोलत राहिल्या.

सी मिळालेले विषय पुन्हा घेऊ नका. साधा सी बहुतेक शाळांना चालतो, सी मायनस किंवा खाली असेल तरच तो विषय परत करावा लागतो. पुन्हा घेतला तरी जुना गुण पुसला जात नाही, दोन्ही धरतात. डीओच्या अर्जात पूर्वी नवा गुण जुन्याची जागा घ्यायचा, पण तो नियम 2017 मध्ये बंद झाला. अजूनही कुणीतरी तो सल्ला देत असतं, ऐकू नका. त्यापेक्षा पुढचे विषय घ्या: बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी. बायोकेमिस्ट्रीत ए आला की ऑरगॅनिकच्या सीची धार आपोआप बोथट होते. शक्यतो चार वर्षांच्या विद्यापीठात घ्या, आणि एका सत्रात एकच विषय असं नको. मेडिकलचा बोजा पेलेल का, हेच तर त्यांना बघायचं असतं. तीन अवघड विषय एकत्र घेऊन तिन्हींत ए मिळवला तर त्याचं उत्तर मिळतं.

मास्टर्सचं सांगते. साधं मास्टर्स याला फारसं उपयोगी नाही. जॉर्जटाउन, बॉस्टन युनिव्हर्सिटी इथे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांसाठीच आखलेले मास्टर्स आहेत, अभ्यास मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा. पण त्याचे गुण पदवीच्या जीपीएत मिळवले जात नाहीत, वेगळे दाखवतात. शिवाय खर्च प्रचंड, आणि तिथे बी मिळत गेले तर पुढची वाट जवळजवळ बंदच होते. म्हणून आधी वर्षभर पदवीपातळीचे कोर्स. त्यात ए पडत असतील आणि तरीही कमी वाटलं, तरच हा विचार.

आता एमकॅट. गुण 472 ते 528, चार भाग, ब्रेक धरून साडेसात तास. एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 511-512 च्या आसपास आहे आणि जीपीएची सरासरी 3.8 च्या जवळ. डीओच्या दोन्ही सरासऱ्या याहून कमी आहेत. जीपीए मागे असेल तेव्हा एमकॅट सरासरीच्या वर असलेली बरी. 'एकदा देऊन बघू' म्हणून देऊ नका. वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि शाळांना सगळे गुण दिसतात. बायोकेमिस्ट्री झाल्यावरच तारीख घ्या. एएएमसीच्या (एमकॅट घेणाऱ्या संस्थेच्या) सराव परीक्षा शेवटच्या काही आठवड्यांसाठी राखून ठेवा. मी चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे वहीत लिहायचे: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की दोन पर्यायांत अडकले. मला वाटायचं माहितीच कमी पडतेय. वही उलगडली तर बहुतेक चुका वाचण्याच्या होत्या. मग मी रोज सकाळी दोन उतारे घड्याळ लावून सोडवायला लागले.

आणि या जूनमध्ये अर्ज नको, हे अगदी कळकळीने सांगते. आजचाच अर्ज पाठवला तर नकार येणार, आणि पुढच्या वर्षी 'यंदा काय वेगळं केलंस?' हा प्रश्न उभा राहणार. पुढच्या वर्षी भरा. मे महिन्यात अर्ज उघडला की लगेच भरायला घ्या आणि पाठवता येऊ लागला की पहिल्या काही दिवसांतच पाठवा, कारण जागा भरत भरत जातात आणि गुणांच्या पडताळणीतच आठवडे जातात.

मोगरा

रात्रपाळी, डोळे भरून आले वाचताना. लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने कागद घेऊन तुमचा हिशेब स्वतः पुन्हा मांडला, खूप दिवसांनी टेबलाशी बसलेली बघितली तिला.

दोन प्रश्न आहेत. डीओ म्हटलं की आमच्या नात्यातले लोक 'म्हणजे खरे डॉक्टर नाहीत ना' असं म्हणतात. आणि बाबांच्या आजाराबद्दल अर्जात लिहावं का? तिला ते सहानुभूती मागितल्यासारखं वाटतं.

रात्रपाळी

डीओ पूर्ण डॉक्टर असतात. तेच लायसन्स, तीच प्रिस्क्रिप्शन, आणि 2020 पासून एमडी-डीओ दोघांच्या रेसिडेन्सीला एकच मान्यता व्यवस्था आहे. माझ्या वॉर्डात कोण एमडी आणि कोण डीओ हे पेशंटला बिल्ला वाचल्याशिवाय कळत नाही. काही अति चढाओढीच्या शाखांत डीओंना जास्त धडपड करावी लागते, हे मात्र खरं आहे. तेवढं तिला सांगून ठेवा, बाकी नातेवाईकांचं सोडा.

पाटीपेन्सिल

मी एका सरकारी विद्यापीठात मेडिकलला जाणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करते. आजाराबद्दल लिहायचं, पण मोजकं. अर्जातल्या मुख्य निबंधाला 5300 अक्षरांची मर्यादा असते, स्पेस धरून. त्यातली तीन-चार वाक्यं पुरेत: काय झालं, कधी संपलं, आणि नंतरचे गुण. बाकी जागा तिने पेशंटजवळ काय बघितलं याला द्यावी. शाळा नंतर जे पुरवणी अर्ज पाठवतात, त्यांत गुणांबद्दल खुलासा करायला बऱ्याचदा वेगळा प्रश्न असतो. सविस्तर तिथे लिहा.

त्यासाठी पेशंटजवळचं काम हवं. नुसतं डॉक्टरच्या मागे उभं राहून बघणं पुरत नाही. नर्सिंग असिस्टंट, स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारी), हॉस्पिसमधली (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठीची) स्वयंसेवा, यातलं एक धरा आणि सलग करा. आठवड्यातून एक दिवस वर्षभर केलेलं काम दहा ठिकाणी तोंड दाखवण्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

तुम्ही न्यू जर्सीचे रहिवासी आहात, त्याचा फायदा घ्या. कॅम्डनची कूपर मेडिकल स्कूल आणि स्ट्रॅटफर्डची रोवानची ऑस्टिओपॅथिक शाळा यादीत असू द्या. यादी लांब ठेवा, एमडी आणि डीओ दोन्ही. आणि त्या सल्लागारांच्या पाच मिनिटांवर जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे गुण त्यांनी नीट बघायला हवे होते.

मोगरा

खूप आभार. तिने बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजीला नाव घातलंय, आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये शनिवार-रविवारच्या पाळीसाठी विचारून आली. अर्जाला वर्ष आहे, तोवर कागदपत्रांचं आधी काही करून ठेवायचं का?

पाटीपेन्सिल

जिथे जिथे कॉलेजचे क्रेडिट घेतलेत, त्या प्रत्येक ठिकाणची ट्रान्सक्रिप्ट लागते. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात एखादा कोर्स केला असेल तर तिथलीसुद्धा. तो बऱ्याच मुलांच्या लक्षातच राहत नाही आणि ऐन जूनमध्ये अर्ज अडकतो. प्रत्येक ठिकाणची एक प्रत आत्ताच मागवून तपासा, ग्रेड चुकीची चढली असेल तर दुरुस्त करायला वेळ मिळेल. शिफारसपत्रासाठी बायोकेमिस्ट्रीच्या प्राध्यापकांना पहिल्या महिन्यापासून भेटायला सांगा, सत्र संपल्यावर नाही.