मदत हवी आहे: गाणी विकत घेऊन पेन ड्राइव्हवर भरायची आहेत (भाड्याने नकोत)

सड्यावरची

नमस्कार मंडळी,

प्रश्न साधा आहे, पण गेले तीन आठवडे डोकं खातोय. पैसे मोजले, गाण्याची फाइल हातात आली, आपली झाली, पुन्हा कोणाला विचारायला नको. असं भारतात बसून आता कुठे मिळतं?

थोडी पार्श्वभूमी. आईबाबा गावी असतात, राजापूर तालुक्यात. फोनला रेंज हवी असेल तर देवळामागच्या सड्यावर चढावं लागतं, आणि पावसाळ्यात तिथेही भरवसा नाही. बाबांचा टेपरेकॉर्डर गेल्या गणपतीत कायमचा बसला. आतला पट्टा वितळून चिकट झालाय आणि दुरुस्त करणारा आता कोणी उरला नाही. म्हणून मी १४०० रुपयांचा एक रेडिओ नेऊन दिला. मागे पेन ड्राइव्ह लावायची खाच, चार्ज होतो, म्हणजे लाइट गेली तरी पडवीत वाजत राहील.

बाबांनी लगेच पाठकोऱ्या कागदावर यादी दिली. ६३ गाणी. नाट्यपदं, भीमसेनांचे अभंग, कुमारांची निर्गुणी भजनं, माणिक वर्मा, बाबूजी. प्रत्येकापुढे कंसात राग. दोन ठिकाणी लिहिलंय "नाही मिळालं तर राहू दे" आणि नेमकी तीच दोन अधोरेखित!

मी एका प्रसिद्ध ॲपचे वर्षभराचे पैसे भरले. ६३ पैकी ५० च्या वर गाणी सापडली, सगळ्यांवर "डाउनलोड" दाबलं, हिरवी खूण आली. फोन लॅपटॉपला जोडला तर फोल्डरमध्ये अगम्य नावांच्या फाइली. तशाच पेन ड्राइव्हवर टाकून गावी नेल्या, तर रेडिओ म्हणतो "नो फाइल". बाबा काही बोलले नाहीत, नुसता रेडिओ उलटा करून पाहिला. ग्राहक सेवेकडून तीन दिवसांनी उत्तर आलं की डाउनलोड केलेली गाणी ॲपमध्येच ऐकता येतील. ॲपचं नाव घेत नाही, नंतर चौकशी केली तर सगळीकडे हीच तऱ्हा.

जाणकारांनी कृपया सांगा: गाणी कुठून घेऊ, कोणत्या प्रकारची फाइल घेऊ, आणि पैसे भरल्यावर पुन्हा तोंडावर पडणार नाही ना?

गुळांबा

एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवरून एमपी३ करून देणाऱ्या ढीगभर साइट्स आहेत. पाच मिनिटांचं काम.

सड्यावरची

गुळांबा, ते माहीत आहे हो. एकदा केलंही होतं. मधेच "चॅनलला सबस्क्राइब करा" असं कोणीतरी ओरडतं आणि बाबा दचकतात. शिवाय बाबांनी आयुष्यभर कॅसेट विकत घेऊन ऐकल्या, त्यांना हे सांगायची माझी छाती नाही.

तबकडी

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, शब्द फसवा आहे. ॲपमधलं "डाउनलोड" म्हणजे फोनच्या पोटात कुलूप लावून ठेवलेली प्रत. किल्ली ॲपकडे. वर्गणी संपली की किल्ली काढून घेतात. वाचनालयाचं पुस्तक घरी आणल्यासारखं आहे ते.

खरी विक्री करणारी दुकानं आपल्याकडे येऊन गेली. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत "फ्लाइट" नावाने एमपी३ विकायला सुरुवात केली होती, कुलूप नसलेल्या फाइली. २०१३ च्या जूनमध्ये गाशा गुंडाळला. गूगल प्लेवरही भारतात गाणी विकत मिळायची, ते दुकान २०२० मध्ये उठलं. दुकान बंद झालं तरी ज्यांनी फाइली उतरवून ठेवल्या त्यांच्याकडे त्या आजही वाजतात. म्हणून पहिला नियम: पैसे भरले की त्याच दिवशी फाइल उतरवा, आणि एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर ठेवा. "माझ्या खात्यात आहे की" यावर विसंबू नका.

उरलेलं मोठं दुकान म्हणजे ॲपलचं आयट्यून्स स्टोअर. भारतात डिसेंबर २०१२ मध्ये आलं. आयफोन असायलाच हवा असं नाही, विंडोजच्या लॅपटॉपवरही खातं उघडता येतं. गाण्यांवरचं कुलूप त्यांनी २००९ मध्येच जगभर काढून टाकलं, त्यामुळे तिथून विकत घेतलेली फाइल कुठेही नेता येते. फक्त त्यांचीच "ॲपल म्युझिक" ही महिन्याची वर्गणी वेगळी, तिच्यातल्या फाइलींना कुलूप असतं. नावं सारखी असल्याने लोक हमखास फसतात. जिथे गाण्यापुढे किंमत लिहिलेली दिसते तिथेच बटण दाबा.

जुनी मराठी गाणी घेताना दोन खाचाखळगे. एक, एकाच शब्दाची इंग्रजी स्पेलिंगं तीन-तीन प्रकारची असतात. एकाने नाही सापडलं तर दुसऱ्याने शोधा, आणि त्यानेही नाही तर गायकाच्या नावावरून जा. दोन, त्याच नावाचं गाणं नव्या गायकाने कीबोर्ड लावून म्हटलेलं असतं. नमुना ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. कोणाचं गाणं, कोणाचं संगीत, कोणतं नाटक, हे आधी "आठवणीतली गाणी" या साइटवर ताडून घ्या. आणि हो, दहा मिनिटांच्या वरचं पद बऱ्याचदा सुटं मिळत नाही, अख्खा अल्बम घ्यावा लागतो.

मोरावळा

+१. शिवाय आयट्यून्सची फाइल एमपी३ नाही, एम४ए प्रकारची असते. १४०० च्या रेडिओला ती कळेलच असं नाही, स्वस्त खोकी फक्त एमपी३ ओळखतात. आयट्यून्समध्येच सेटिंगमध्ये एमपी३ एन्कोडर निवडून रूपांतर करता येतं. मूळ एम४ए आणि त्यावरून केलेलं एमपी३, पडवीतल्या तीन इंची स्पीकरवर फरक कळला तर मला सांगा.

हडसनकाठचा

मी बँडकॅम्प या साइटवरून घेतो. एकदा पैसे दिले की एमपी३, फ्लॅक, वाव्ह, हव्या त्या प्रकारची फाइल उतरवा, कितीदाही. डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते ठेवतात, बाकीचे, पैसे फिरवण्याचा खर्च वजा जाता, कलाकाराला. आजचे स्वतंत्र गाणारे-वाजवणारे तिथे भरपूर. पण बाबांच्या यादीतलं काही तिथे मिळेल असं वाटत नाही, जुना माल सगळा मोठ्या कंपन्यांच्या कपाटात. अमेरिकेत ॲमेझॉनही एमपी३ विकतं, मात्र त्याला इथला पत्ता आणि इथलं कार्ड लागतं, त्यामुळे तुमच्या कामाचं नाही.

सड्यावरची

तबकडी, हडसनकाठचा, खूप आभार. काल बँडकॅम्पवर स्वतःसाठी एक सतारीचा अल्बम घेऊन बघितला, म्हटलं आधी सराव. सात डॉलर. कार्ड दोनदा नाकारलं. खात्यात पैसे आहेत, ओटीपीसुद्धा आला नाही. आयट्यून्सवर तर कार्ड टाकायची जागाच दिसेना. माझ्यावर काय शनी आहे का?

हिशेबनीस

शनी नाही, रिझर्व्ह बँक. २०२० पासून नवीन कार्ड देताना फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या यंत्रापुरतं चालू असतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करायचे. बँकेच्या ॲपमध्ये "कार्ड नियंत्रण" अशा अर्थाचं काहीतरी असेल, तिथे आंतरराष्ट्रीय ऑनलाइनचं बटण आणि त्याखाली मर्यादा. मर्यादा ₹२००० करा, काम झालं की बटण बंद. डॉलरच्या भावावर बँक वर दोन-तीन टक्के लावते आणि त्या आकारावर जीएसटी, तेव्हा सातचे साडेसात धरून चाला.

ॲपलचं निराळं. त्यांनी २०२२ मध्ये भारतात कार्ड घेणं बंद केलं. यूपीआय जोडा, किंवा खात्यात आधीच ५०० रुपये भरून ठेवा आणि त्यातून खर्च करा. मी दुसरा पर्याय सुचवेन. रात्री अकरानंतर जुनी गाणी दिसायला लागली की माणूस वाहवत जातो, स्वानुभव.

कुंदन_दिवे

बाबांच्या घरात सीडी आहेत का बघा. ऑडिओ सीडी म्हणजे पूर्ण दर्जाची, बिनकुलपाची, आधीच पैसे दिलेली. लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह हजारबाराशेला मिळतो. "एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी" हे फुकट सॉफ्टवेअर ओरखडे असलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतं. एका सीडीला मला एकदा पाऊण तास लागला होता, पण निघाली. मुंबईतलं रिदम हाउस हे सीडींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा शेवटच्या आठवड्यात मी पिशवी भरून सीडी आणल्या होत्या. बायकोने तेव्हा जे बोलून घेतलं ते आता परत घेतेय.

तबकडी

अरे हो, एक राहिलंच. यादीतली नाट्यपदं किती जुनी? आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही संपले असतील तर फाइल बिनदिक्कत घ्या, पैसे द्यायला कोणी उरलेलं नाही. उदाहरणार्थ १९१६ चं "स्वयंवर": शब्द खाडिलकरांचे, ते १९४८ मध्ये गेले, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ मध्ये. त्यातल्या पदांच्या बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आता सगळ्या बाजूंनी मोकळ्या. इंटरनेट आर्काइव्हवर हौशी लोकांनी ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या चढवून ठेवल्यात, तिथे शोधा. मात्र कोणीही काहीही चढवतं, "फुकट दिसलं म्हणजे मोकळं" असं नाही. भीमसेनांचे सत्तरच्या दशकातले अभंग अजून हक्कात आहेत.

बाबांना आधी सांगून ठेवा, तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. पद आटोपशीर वाटेल.

सड्यावरची

अपडेट देते.

हिशेबनीस म्हणाले तेच होतं. बटण चालू केलं आणि सतार घरात आली.

बाबांच्या यादीचा हिशोब: आयट्यून्सवर ४१ (दोन अल्बम धरून सगळे मिळून ₹७८०, हिशेबनीस, ५०० चं कुंपण मी दुसऱ्याच रात्री ओलांडलं). मावशीकडे सीडींचा डबा निघाला, त्यातून ९. आर्काइव्हवर ६. राहिली ७, आणि "राहू दे" वाली दोन्ही त्या सातांत. एक पद मिळालं पण दुसऱ्या गायकाचं. बाबांना फोनवर विचारलं, तर "तो गातो चांगलं, पण मला तो नको" असं उत्तर.

आता एक नवीनच गंमत. सगळं एमपी३ केलं, ६४ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह घेतला, भरला, रेडिओ पुन्हा "नो फाइल". हसू नका.

मोरावळा

हसत नाही, मीही ह्यातून गेलोय. ६४ चा पेन ड्राइव्ह बहुतेकदा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला येतो, त्या रेडिओला फॅट३२ लागतं. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ च्या वर फॅट३२ चा पर्यायच देत नाहीत. १६ किंवा ३२ चा घ्या. ५६ गाण्यांना तेवढी जागा पुष्कळ झाली.

पिंपळपान

ह्यावरून आठवलं, माझ्या गाडीत गाण्यांची देवनागरी नावं ठोकळे-ठोकळे दिसतात. काय करू?

तबकडी

पिंपळपान, "एमपी३टॅग" नावाचं सॉफ्टवेअर घ्या, सेटिंगमध्ये टॅगची आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, सगळ्या फाइली पुन्हा सेव्ह करा. तरीही ठोकळेच आले तर गाडीत देवनागरी अक्षरंच नाहीत, मग रोमनमध्ये लिहा. (अवांतर झालं, सड्यावरची माफ करा.)

सड्यावरची

१६ चा घेतला. वाजला! शनिवारी गावी जाऊन लावून आले. सकाळी साडेसहाला बाबा पडवीत, चहा, रेडिओ चालू. पहिलंच लागलं ते भीमसेनांचं भैरवीतलं. बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आं? संपली पण मैफल?"

मी यादीच्या क्रमानेच नंबर घातले होते, ०१ पासून ५६ पर्यंत. मैफलीतल्यासारखी भैरवी शेवटी, ५६ वी. आणि रेडिओ ५६, ०१, ०२, ०३ असा वाजवतोय. बाबांनी बटण दाबून पुढे नेलं, पण मंगळवारी फोन आला, "रोज सकाळी आधी भैरवी ढकलावी लागते, बरं नाही वाटत." कोणी सोडवेल का हे?

मोरावळा

ताई, तुम्ही सगळ्या फाइली निवडून शेवटची धरून ओढल्या असणार. विंडोज ज्या फाइलीला धरून ओढाल ती आधी कॉपी करतं, आणि हे स्वस्त रेडिओ नावाकडे बघतच नाहीत, कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतात. पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा करून, ०१ ला धरून ओढा. नाहीतर "ड्राइव्हसॉर्ट" नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते आहे त्या जागी क्रम लावून देतं.

सड्यावरची

मोरावळा, ५६ लाच धरून ओढलं होतं! तुम्हाला कसं कळलं?

दुसरा पेन ड्राइव्ह ०१ ला धरून भरला, इथल्या स्पीकरवर तपासला, क्रम बरोबर. उद्या राजापूरच्या एसटीने शेजारच्या काकांबरोबर पाठवतेय. उरलेल्या सातांपैकी कोणाकडे विकाऊ सीडी असेल तर माझ्या विपूत (विचारपूस पानावर) कळवा. यादीचा फोटो टाकते, अक्षर बाबांचं आहे, रागाची नावं लागली नाहीत तर विचारा.