नुकतंच वॅक्स केलेल्या गाडीवर दुसऱ्याच दिवशी धुरळा आणि राख, काय करावं? (सांगली)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी अख्खा दिवस घालवून गाडीला हाताने वॅक्स केलं. गडद निळी गाडी, चार वर्षं जुनी. संध्याकाळी बॉनेटमध्ये समोरच्या नारळाच्या झावळ्या मोजता येत होत्या. सोमवारी सकाळी बघतो तर टपावर धुरळ्याचा थर आणि त्यात काळे काळे तुकडे. बोट लावलं की काळी रेघ उमटते. साखर कारखाने सुरू झालेत, म्हणजे आता मार्चपर्यंत हे रोजचंच. गाडी सोसायटीत उघड्यावर असते, शेड नाही. सकाळी एक मुलगा येऊन सगळ्यांच्या गाड्या पुसून जातो. वॅक्स केल्यावर धूळ कमी बसायला हवी ना? माझं कुठे चुकलं? कव्हर घालू का? आणि ते लांब दोऱ्यांचे डस्टर मिळतात ते चालतात का? ज्यांच्या गाड्या उघड्यावर राहूनही चांगल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

मिरजवाला
दादा, वॅक्समुळे धूळ बसायची थांबत नाही. बसलेली धूळ चिकटत नाही आणि पाण्याच्या धारेने सुटून येते, वॅक्सचं काम तेवढंच. उघड्यावरच्या गाडीवर थर येणारच.

तरी दुसऱ्याच दिवशी नेहमीपेक्षा जास्त धूळ दिसली असेल तर बहुतेक वॅक्स जाड लागलंय आणि पूर्ण पुसून निघालेलं नाही. स्वच्छ बोट बॉनेटवरून फिरवा. ओशट लागलं किंवा बोटाचा पट्टा दिसला तर तेच कारण. दुसरं, कोरड्या फडक्याने घासून घासून चमक आणली की फुगा केसांवर घासल्यावर कागदाचे कपटे ओढतो तसा पत्रा धूळ ओढतो. गाडी धुऊन झाली की सावलीत, पत्रा गार असताना, मायक्रोफायबरचं किंचित ओलसर फडकं एकदा फिरवा आणि मागोमाग दुसऱ्या कोरड्या फडक्याने हलकं टिपून घ्या. जोर लावायचा नाही.

पण तुमच्या गाडीला खरा धोका त्या सकाळच्या पुसण्याचा आहे. मुलाचा दोष नाही, एका बादलीत आणि एका फडक्यात वीस गाड्या करायला आपणच त्याला लावतो. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहूनही पातळ. धुरळ्यात बारीक वाळू असते. ती फडक्याखाली रगडली की चरे पडतात. तुमची गाडी दुपारच्या उन्हात उभी करा आणि बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसल्या तर त्या या पुसण्याच्या. गडद रंगावर त्या लपत नाहीत. त्यामुळे आधी त्या मुलाला थांबवा, बाकीचं नंतर.

राखेचं वेगळं आहे. पाचटाची आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख कोरडी असते तोवर हलकी, नुसती धार मारली तरी निघते. रात्री दव पडलं की तिचं क्षाराचं पाणी होतं आणि ऊन तापल्यावर डाग धरतो. म्हणून हंगामात सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, टपापासून खाली पाणी सोडायचं. हात किंवा फडकं लावायचं नाही. पाईप नसेल तर झारीने सोडा, दोन झाऱ्यांत टप आणि बॉनेट होतं.

हळद गल्ली
मिरजवाल्यांशी सहमत. माझी पांढरी गाडी मार्केट यार्डात दिवसभर उभी असते, हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत पिवळी होऊन घरी येते. माझा अनुभव सांगतो. एकदा घाईत कपड्यांच्या पावडरीने धुतली तर पिवळे डाग लालसर झाले. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच प्रकार. आणि वॅक्स होतं ते सगळं उतरलं. तेव्हापासून कपड्यांची पावडर नाही आणि भांड्यांचा साबणही नाही. गाडीचा साधा शाम्पू, बादलीभर पाण्याला एक झाकण. राहिलेला पिवळेपणा दोन-तीन दिवस उन्हात आपोआप फिका पडतो, घासू नका.

सातारची लेक
आमचं घर यवतेश्वर घाटाच्या पायथ्याला, इथे लाल माती. कव्हरबद्दल कळकळीने सांगते. मळलेल्या गाडीवर कव्हर कधीच घालू नका. मी दोन वर्षं रोज रात्री न चुकता घातलं. वाऱ्याने कव्हर हलायचं आणि आतली माती पत्र्यावर घासायची. आरशांवर आणि टपाच्या कडेला रंग पांढुरका पडला तेव्हा समजलं. गाडी नुकती धुतलेली, पूर्ण कोरडी, आणि चार-आठ दिवस हलणार नसेल तरच कव्हर. रोजची गाडी उघडी राहिलेली बरी.

डस्टरही तसाच. शोरूममधल्या पातळ धुळीला ठीक, आपल्याकडच्या मातीला नको.

विश्रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बोट फिरवून बघितलं, ओशट पट्टा दिसला. उन्हात गोल रेघाही दिसल्या, फार वाईट वाटलं. आमच्याकडे पाणी बोअरचं आहे, नुसती धार मारून सोडलं की पांढरे ठिपके राहतात. त्याचं काय करू? आणि हे वॅक्स टिकतं किती?

मिरजवाला
बोअरचं पाणी पत्र्यावर सुकू द्यायचं नाही, हाच उपाय. धार मारल्यावर लगेच मोठं मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरवा आणि दोन टोकं धरून अलगद ओढून घ्या, घासायचं नाही. शेवटची एक बादली नळाच्या पाण्याची मिळाली तर फारच उत्तम. ठिपके पक्के बसले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून तेवढ्याच जागी लावा, मिनिटभराने धुऊन टाका. तिथलं वॅक्स मात्र जातं, पुन्हा लावावं लागेल.

आठवड्याला एकदा नीट धुवायचं तेव्हा दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. दुसऱ्या बादलीच्या तळाशी किती वाळू बसते ती एकदा बघाच.

टिकण्याचं म्हणाल तर कार्नोबा वॅक्स, म्हणजे ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं मेण, आपल्या उन्हात दीड-दोन महिने. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सऐवजी लावायचं कृत्रिम पॉलिश, चार-सहा महिने जातं. उघड्यावरच्या गाडीला मी सीलंटच सांगेन. पाणी टाकल्यावर थेंब गोल उभे राहतात तोवर काळजी नाही. पसरून चादर व्हायला लागली तर आधी शाम्पूने धुऊन बघा, कधी कधी नुसता मळ असतो. तरीही पसरलं तर नवा हात द्या.

सातारची लेक
वळवाच्या आधी नवा हात हवाच. पहिल्या चार थेंबांत हवेतली सगळी माती गाडीवर येते आणि चिखलाचे ठिपके वाळतात.

विश्रामबागकर
आज सकाळी साडेसहाला झारीने केलं. राख खरंच वाहून गेली, एकही रेघ नाही. पुसणाऱ्या मुलाशी बोललो. त्याचे पैसे चालूच ठेवलेत, त्याला दोन मायक्रोफायबर फडकी आणि झारी दिली, आणि माझ्या गाडीवर आधी पाणी सोडायचं ठरलं. त्याने विचारलं, बाकीच्या गाड्यांनाही असंच करू का? सोसायटीच्या ग्रुपवर आज तेच टाकतोय.