सहकारी भांडारं गेली, याचं वाईट वाटावं का?

गोदाकाठ:
आईच्या पोथीत खूण म्हणून घातलेली एक पिवळी पावती परवा सापडली. १९८४ ची, आमच्या नाशिकरोडच्या सहकारी ग्राहक भांडाराची. कार्बनचं जांभळं अक्षर अजून वाचता येतं: तूरडाळ, पामतेल, शंभर पानी वह्या अर्धा डझन, आणि वर सभासद क्रमांक.

दुमजली दुकान होतं. खाली किराणा, वर कापड, भांडी, शाळेचं सामान. एका खिडकीवर बिल करायचं, दुसरीवर पैसे भरून शिक्का घ्यायचा, तिसरीवर माल मिळायचा. जूनमध्ये वह्यांची रांग जिन्यावरून खाली यायची आणि पायऱ्यांवर ओल्या छत्र्यांचं पाणी साचायचं. बाबा इथल्या सरकारी छापखान्यात, म्हणजे प्रेसमध्ये, आम्ही नेहरूनगरला. भाव पाटीवर खडूने लिहिलेला असायचा आणि साहेबाला असो की शिपायाला, तोच. घासाघीस नाही, मापात पाप नाही. असं दुकान शहरात आज एकही उरलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्हाला?

सातपूरची लेक:
मला नाही वाटत. रांग तुम्हाला गोड आठवते, कारण तुम्ही लहान होतात. त्या रांगेत माझी आई कडेवर भावाला घेऊन उभी असायची. दिवाळीत साखर हवी तर सोबत दोन साबण घ्या, नाहीतर पुढे व्हा. रव्यात पोरकिडे निघाले म्हणून परत न्यायला गेली, तर "सरकारी माल आहे बाई, चाळून घ्या" असं उत्तर मिळालं.

माझ्या वडिलांच्या कारखान्यात टाळेबंदी झाली तेव्हा भांडाराने एक किलो तांदूळही उधार दिला नाही. आमच्या गल्लीतल्या वाण्याने सात महिने वहीवर दिला. तगादा लावायला एकदाही दारात आला नाही. मला वाईट वाटलं ते तो वाणी गेला तेव्हा.

खतावणी:
एका भांडारात (नाव नको) अकरा वर्षं हिशेब लिहिले, म्हणून आतलं थोडं सांगतो. ही दुकानं टंचाईची लेकरं होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने ग्राहक भांडारांची योजना आणली. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, भाव चढायची धास्ती होती, आणि त्याच वर्षी दिल्लीत कॅनॉट प्लेसला सुपर बाजार हे मोठं सहकारी भांडार उघडलं. लेव्हीची (सरकारने बांधल्या भावात कारखान्यांकडून घेतलेली) साखर, पामतेल, कंट्रोलचं (सरकारने भाव बांधून दिलेलं) कापड हे दुसरीकडे त्या भावात मिळत नव्हतं, म्हणून गिऱ्हाईक यायचं. १९९० पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. तोवर किंमत छापलेली असली तरी "स्थानिक कर वेगळे" म्हणून दुकानदार वर लावायला मोकळा होता. गोदाकाठ, तुमच्या पाटीवरच्या खडूचं काम त्या छापील आकड्याने हिरावून घेतलं. पुढे टंचाईही संपली. आमच्याकडे मात्र संचालकांच्या ओळखीने आलेली न खपणारी भांडी माळ्यावर तशीच, आणि सरकारी कचेऱ्यांची थकबाकी वर्षानुवर्षं पुढे ओढलेली. ताईंच्या आईला मिळालेलं उत्तर मी कितीतरी जणींना मिळताना ऐकलंय. माझं त्यावर काही म्हणणं नाही, मान खालीच जाते.

गोदाकाठ:
ताई, पोरकिड्यांचं मान्य. आणि त्या वाण्याला माझाही नमस्कार. पण सगळ्यांना तसा वाणी लाभत नाही. आमच्या आजोबांच्या उधारीच्या वहीत काय लिहिलंय हे आजोबांना वाचताच येत नव्हतं.

आणखी एक गोष्ट. आई सातवी शिकलेली. एका वर्षी भांडाराच्या वार्षिक सभेला ती पदर खोचून गेली, आणि अहवालवाचन चालू असताना उठून म्हणाली, "तेलाच्या अर्ध्या लिटरच्या मापाला तळाशी पोचा आहे, तो बाहेरून आत गेलाय. म्हणजे तेल कमी बसतं. बदलणार कधी?" सभागृहात चार बायका, बाकी पुरुष. पुढच्या आठवड्यात नवं माप आलं. ती नुसती गिऱ्हाईक नव्हती; भाग घेतलेली सभासद, म्हणजे मालकीण होती. आज कोणत्या मॉलमध्ये तिला हे विचारता येईल?

कॉलेजरोड ९९:
आदर ठेवून असहमत, काका. माझी आजी गुडघे दुखत असताना ट्रॉलीला धरून डीमार्टमध्ये तासभर फिरते. प्रत्येक डाळ हातात घेऊन बघते, तारीख माझ्याकडून वाचून घेते. तिच्या आयुष्यात सामान आधी आजोबा आणायचे, मग बाबा. "मला हवं ते मी उचललं" हे सुख तिला सत्तरीत मिळालं. भांडारात माल खिडकीपलीकडे असायचा, हात लावायची सोय नव्हती.

खतावणी:
तुमच्या आजींचं बरोबर आहे. पण मोठी दुकानंसुद्धा जातातच. २००१ साली सुरू झालेला बिग बझार २०२२ मध्ये मिटला, तेव्हा गिऱ्हाइकाला कोणी विचारलं नाही. उलट १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत बघा. दुकान नाही, खिडकी नाही. शेजारपाजारची घरं संघ करतात, महिन्याची यादी देतात, आलेला माल सभासद स्वतः वाटून घेतात. मोठा गाळा, पगारी नोकर, माळ्यावर पडून राहिलेला माल, यातलं काहीच अंगावर घ्यावं लागत नाही. अजून चालू आहे.

सातपूरची लेक:
मापाची गोष्ट वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, आम्हालाही सभेची पत्रं यायची, पण त्या दिवशी तुझे बाबाच जायचे. बाईने गेलेलं चालतं, हे कोणी सांगितलंच नाही. माझं मत बदललेलं नाही, पण हे ऐकून चुटपुट लागली.

खतावणी:
गोदाकाठ, पावतीवर सभासद क्रमांक आहे म्हणजे घरात भागपत्रही (शेअर सर्टिफिकेट) असेल. संस्था अवसायनात गेली असेल, म्हणजे गुंडाळायला काढली असेल, तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात चौकशी करा. रक्कम किरकोळ असेल, पण तुमच्या हक्काची आहे.

गोदाकाठ:
आहे. दहा-दहा रुपयांचे पाच भाग, बाबांच्या प्रेसच्या कागदांसोबत जपलेले. आईला म्हटलं, चौकशी करू का? म्हणाली, "पैसे नकोत. माझं नाव अजून यादीत आहे का, तेवढं विचारून ये." सोमवारी जातोय.