सवलतीत घेतलेल्या डिजिटल पीसी गेमवर मॉड चालवायला मर्यादा येतात का?

कंदील

नमस्कार मंडळी,

‘स्कायरिम’ हा गेम मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेल्या जोड-फायली, लावून खेळायचा, हे बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. सध्या त्याची डिजिटल प्रत तीन-चार दुकानांत भरघोस सवलतीत दिसते आहे, त्यामुळे घ्यायचे जवळजवळ ठरलेच होते. पण एका मित्राने मला थांबवले. त्याच्या मते सेलमधली प्रत पूर्ण किमतीच्या प्रतीसारखी नसते, तिच्यात काही ना काही कमी ठेवलेले असते आणि ते मॉड लावायला बसल्यावरच कळते. हे तो ऐकीव सांगत नाही. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा गेम त्याने एपिकच्या दुकानातून विनामूल्य मिळत असताना घेतला होता. पुढे स्टीम या दुसऱ्या दुकानाच्या वर्कशॉपवरचे, म्हणजे तिथल्या मॉडच्या संग्रहातले, रस्ते आणि इमारती उतरवून घ्यायला गेला, तेव्हा गेम त्याच्या स्टीम खात्यात नसल्यामुळे त्याला त्या घेता आल्या नाहीत.

मी या बाबतीत नवखा आहे आणि मला हवे असलेले मॉड मोजकेच आहेत: सामानाच्या याद्या सुटसुटीत करणारा ‘स्काययूआय’, हवामान बदलणारा एखादा आणि लढाईच्या हालचाली सुधारणारे दोन-तीन. सवलतीचा आणि मॉडचा खरोखर काही संबंध आहे, की मित्राच्या अडचणीचे कारण वेगळेच होते? आणि संबंध नसेल, तर मी नेमकी कोणती प्रत घ्यावी?

रानवाट

किमतीचा संबंध नाही. सेल लागतो तेव्हा दुकान फक्त किमतीचा आकडा बदलते. पैसे भरल्यावर सर्व्हरवरून ज्या फायली उतरतात, त्या पूर्ण किंमत मोजणाऱ्याला मिळतात त्याच असतात. तुम्ही किती पैसे दिले हे मॉडला कळण्याचा काही मार्गच नाही.

तुमच्या मित्राची अडचण खरी आहे, पण तिचे कारण त्याने चुकीच्या ठिकाणी शोधले. वर्कशॉप ही स्टीमची स्वतःची सोय आहे. ती ऑक्टोबर २०११ मध्ये ‘टीम फोर्ट्रेस २’पासून सुरू झाली आणि गेम त्याच खात्यावर घेतला असेल तरच तिचा नीट उपयोग होतो, असा बहुतेक गेमच्या बाबतीत शिरस्ता आहे. म्हणजे एपिककडे पूर्ण पैसे भरून घेणाराही तिथेच अडला असता, आणि स्टीमवर सर्वांत मोठ्या सेलमध्ये घेणाऱ्याला सगळे रस्ते आणि सगळ्या इमारती मिळाल्या असत्या. याच मालिकेचा २०२३ मध्ये आलेला दुसरा भाग पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. त्याचे मॉड वर्कशॉपवर नसून प्रकाशकाच्या ‘पॅराडॉक्स मॉड्स’ या सेवेतून गेमच्या आतच मिळतात, त्यामुळे तिथे मॉडसाठी स्टीमच्या खात्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

स्कायरिमच्या बाबतीत मात्र दुकान फार महत्त्वाचे ठरते, आणि ते का, हे नीट समजून घेतले तर पुढे कोणताही गेम घेताना उपयोगी पडेल.

मॉड ढोबळमानाने दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचे मॉड म्हणजे निव्वळ माहिती: नवी चित्रे, नवे आवाज, नवी शस्त्रे, हवामानाचे बदललेले आकडे. गेमचे इंजिन या फायली आपणहून वाचते, म्हणून फोल्डरमध्ये योग्य जागी ठेवल्या की प्रत कुठल्या दुकानातली आहे याने सहसा फरक पडत नाही. दुसऱ्या जातीचे मॉड थेट चालत्या प्रोग्रामला हात घालतात. स्कायरिममध्ये हे काम ‘स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर’, म्हणजे सगळे ज्याला एसकेएसई म्हणतात, तो करतो. गेम सुरू असताना मेमरीत कोणते काम कोणत्या पत्त्यावर आहे, हे त्याला अचूक ठाऊक असावे लागते. कंपनीने मुख्य एक्झी फाइल, म्हणजे गेम सुरू करणारी फाइल, नव्याने बांधली की हे पत्ते सरकतात, आणि कालपर्यंत बिनतक्रार चालणारा मॉड आज गेम सुरूच होऊ देत नाही. कामात केवळ दोन ओळींचा बदल झाला असला तरी हे घडते.

आता दुकानांकडे येऊ. स्टीमवर २०२४ पासूनचा बांधणी क्रमांक, म्हणजे अपडेटनुसार बदलणारा आकडा, १.६.११७० आहे, तर जीओजी या दुकानावरचा १.६.११७९ आहे. दिसायला गेम एकच, पण एक्झी वेगळी. म्हणून एसकेएसई या दोन्हींसाठी वेगवेगळा उतरवून घ्यावा लागतो. एपिकच्या प्रतीला आणि मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणी सेवेतल्या प्रतीला एसकेएसईचा पाठिंबा नाही. तुम्हाला हवा असलेला स्काययूआय एसकेएसईवर उभा आहे, लढाईचे बहुतेक चांगले मॉडही त्याच्यावरच उभे आहेत. तेव्हा एपिकवर पूर्ण किंमत मोजली तरी तुमची यादी अपुरी राहील, आणि स्टीमवर अगदी स्वस्तात घेतले तरी ती पूर्ण होईल. जीओजीची प्रतही चांगली आहे; फक्त काही मॉडकर्ते आपल्या फायली स्टीमच्या क्रमांकासाठीच बांधतात, म्हणून प्रत्येक मॉडच्या पानावर ते आधी पाहून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. ‘स्पेशल एडिशन’ आणि ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’ यांची एक्झी एकच आहे. दुसरीत क्रिएशन क्लब या गेमच्या कंपनीच्याच संग्रहातल्या वाढीव गोष्टी आहेत, एवढाच फरक. मॉडसाठी सहसा महागडी आवृत्ती घ्यायचे कारण नाही. २०११ ची मूळ आवृत्ती मात्र ३२ बिटची आणि २०१६ ची स्पेशल एडिशन ६४ बिटची असल्यामुळे त्यांचे एसकेएसई वेगळे आहेत आणि बरेच मॉड एकमेकांत चालत नाहीत. वर्कशॉपही मूळ आवृत्तीलाच होते, स्पेशल एडिशनला नाही. तिचे मॉड नेक्सससारख्या संकेतस्थळावरून घ्यावे लागतात, आणि तिथे विनामूल्य खाते पुरते.

सुतारपक्षी

रानवाट यांनी लिहिलेले पटते, पण ‘सवलतीत घेतले’ या दोन शब्दांत लोक दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात, ते वेगळे करायला हवे. अधिकृत दुकानातला सेल ही एक गोष्ट. कुठल्या तरी बाजारपेठेवर एखादा अनोळखी विक्रेता देतो ती स्वस्त ‘की’, म्हणजे गेम आपल्या खात्यात आणणारा सांकेतिक क्रमांक, ही दुसरी.

मी स्वतः या दुसऱ्या वाटेने गेलो होतो. गेम चालू झाला, मॉड लागले, जवळजवळ दोन महिने मी त्यात रमलो होतो. मग एका संध्याकाळी पाहतो तर लायब्ररीतून गेमच गेलेला. की मुळात गैरमार्गाने मिळवलेली होती आणि ती रद्द करण्यात आली होती. मॉडचे फोल्डर जसेच्या तसे होते, सेव्ह फायली होत्या, त्या चालवायला गेम तेवढा नव्हता. विक्रेत्याने उत्तर दिले नाही. त्या दोन महिन्यांत एकेक मॉड निवडून, क्रम लावून, भांडणारे मॉड वेगळे करून जे जुळवले होते, त्याचे मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटले.

अशा ठिकाणी दुसरा प्रकारही विकला जातो: की न देता कुणाच्या तरी खात्याचे नाव आणि पासवर्ड देतात आणि गेम ऑफलाइन चालवायला सांगतात. ते खाते तुमचे नसते, त्यामुळे वर्कशॉप, जुनी बांधणी परत उतरवणे, यातले काहीही तुमच्या हातात राहत नाही. याउलट हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही दुकाने प्रकाशकांकडून अधिकृतपणे की घेऊन विकतात. तिथली स्टीम की स्टीममध्ये भरली की ती प्रत स्टीमवर विकत घेतल्यासारखीच वागते. की कोणत्या दुकानाची आहे आणि कोणत्या प्रदेशात चालते, या दोन ओळी पानावर खाली बारीक अक्षरांत असतात. त्या वाचूनच पैसे भरावेत.

डीएलसीबद्दल, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भागांबद्दलही सांगतो. सेलमध्ये पुष्कळदा नुसत्या मूळ गेमवर मोठी सवलत असते, आणि मोठमोठे मॉड मात्र सगळे डीएलसी मागतात. ‘फॉलआउट: लंडन’ला ‘फॉलआउट ४’चे सगळे डीएलसी लागतात. ‘टेल ऑफ टू वेस्टलँड्स’ला तर ‘फॉलआउट ३’ आणि ‘न्यू व्हेगस’ हे दोन्ही गेम सर्व डीएलसींसकट हवे असतात. नुसता मूळ गेम स्वस्तात घेऊन मागाहून डीएलसी एकेक करून घेण्यापेक्षा संपूर्ण आवृत्ती सवलतीत येईपर्यंत थांबलेले बरे. कंदील, स्कायरिमच्या स्पेशल एडिशनमध्ये तिन्ही डीएलसी आधीच आहेत, त्यामुळे तुम्हाला ही चिंता नाही.

अक्षांश

वरच्या दोन्ही उत्तरांना जोडून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. किमतीचा थेट संबंध नाही हे मान्य. पण काळाचा संबंध आहे, आणि सेलमध्ये घेणारा बहुधा उशिरा घेणारा असतो.

आज गेम घेतला की तो आजच्या बांधणीतच उतरतो. ज्याने पूर्वी घेऊन जुनी बांधणी जपून ठेवली आहे, त्याच्याकडे कालचा गेम आहे. स्कायरिममध्ये नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटनंतर कित्येक जण वर्षानुवर्षे १.५.९७ याच क्रमांकावर थांबून राहिले, आणि त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिका आजही वाचल्या जातात. नवीन माणूस त्या वाचून मॉड लावतो, गेम उघडताच बंद पडतो, आणि आपल्याला मिळालेली प्रतच सदोष आहे, असा त्याचा समज होतो. माझ्या मते ‘सेलच्या प्रतीवर मॉड चालत नाहीत’ या समजाचा मोठा भाग इथून आला आहे.

असे अपडेट केव्हाही येऊ शकते. ‘द विचर ३’चे १४ डिसेंबर २०२२ चे मोठे अपडेट आल्यावर जुने मॉड मोठ्या संख्येने निकामी झाले, मात्र जुनी १.३२ बांधणी निवडण्याची सोय ठेवली गेली, हे चांगले झाले. ‘फॉलआउट ४’चे अपडेट २५ एप्रिल २०२४ रोजी आले, त्याने त्या गेमचा स्क्रिप्ट एक्स्टेंडर मोडला, आणि ‘फॉलआउट: लंडन’च्या चमूला प्रकाशन जुलैपर्यंत पुढे ढकलावे लागले. प्रकाशित झाल्यावरही खेळाडूंना गेम जुन्या बांधणीवर न्यावा लागत होता. या सगळ्यात पूर्ण किंमत देणारा आणि सवलतीत घेणारा सारखेच भरडले गेले.

म्हणून दुकान निवडताना मी एकच गोष्ट विचारतो: जुनी बांधणी परत मिळवता येते का? जीओजीच्या गॅलेक्सी ॲपमध्ये बऱ्याच गेमसाठी अपडेट आपोआप घेणे बंद करता येते आणि मागची बांधणी निवडता येते. शिवाय इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो. स्टीमवर अपडेट कायमचे बंद करण्याची सोय नाही, ‘गेम सुरू केल्यावरच अपडेट करा’ एवढीच निवड मिळते; पण स्टीमच्या कन्सोलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, जुन्या फायली उतरवता येतात. काम किचकट आहे, तरी होते.

संरक्षणाच्या प्रणालींचाही विचार करायला हवा. ‘एल्डन रिंग’मध्ये मॉड लावायचे तर चीटविरोधी प्रणाली बंद ठेवून ऑफलाइनच खेळावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल: रेव्हलेशन्स’ या कित्येक वर्षे जुन्या गेमला एका अपडेटमधून नक्कल रोखणारे नवे कुलूप लावले गेले आणि तक्रारी आल्यावर ते मागे घेण्यात आले. असे कुलूप लागते तेव्हा ते सगळ्या प्रतींना लागते.

कंदील

सर्वांचे मनापासून आभार. मित्रालाही हे सगळे वाचायला दिले. वर्कशॉपचा आणि स्टीम खात्याचा संबंध त्याला आता समजला आहे.

मी स्टीमवरची स्पेशल एडिशन घ्यायचे ठरवले आहे. एकच विचारायचे राहिले: घेतल्यावर काही केल्या जमलेच नाही, तर पैसे परत मिळतात का, की सेलमधली खरेदी परत करता येत नाही?

रानवाट

सेलमधली खरेदीही परत करता येते. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ २ तासांपेक्षा कमी झालेला असताना मागणी करावी लागते. जीओजीवर मुदत ३० दिवसांची आहे आणि गेम उघडून पाहिलेला असला तरी चालतो.

हे दोन तास पात्राचा चेहरा घडवण्यात घालवू नका. गेम ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये बसवा. एकदा नुसता चालवून मुख्य मेनूपर्यंत जा आणि बंद करा. मग एसकेएसईच्या फायली गेमच्या एक्झीशेजारी ठेवा, आणि यापुढे गेम स्टीमच्या बटणावरून सुरू न करता एसकेएसईच्या लोडरवरूनच सुरू करा. मुख्य मेनूवर कन्सोल उघडून एसकेएसईचा क्रमांक विचारणारी आज्ञा द्या. क्रमांक उमटला तर पाया नीट बसला. त्यानंतर फक्त स्काययूआय लावा आणि सामानाची यादी उघडून पाहा. बाकीचे मॉड त्यानंतर, एका वेळी एकच.

कंदील

काल रात्री तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच केले. पहिल्या वेळी कन्सोलने आज्ञाच ओळखली नाही, कारण मी एसकेएसईचे अख्खे फोल्डर गेमच्या फोल्डरमध्ये ठेवले होते, आतल्या फायली बाहेर काढल्याच नव्हत्या. त्या एक्झीशेजारी आणून ठेवल्यावर २.२.६ हा क्रमांक उमटला. मग स्काययूआय लावला. सामानाच्या यादीत वजन, किंमत आणि नुकसान यांचे तीन स्वतंत्र रकाने दिसत आहेत. एकूण खेळ ४० मिनिटे झाला आहे. आज हवामानाचा मॉड लावतो.