न्यू जर्सीत भाच्यावर शॉपलिफ्टिंगची केस – कोर्टाच्या तारखेआधी काय करावं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, म्हणून गावाचं, दुकानाचं, विद्यापीठाचं नाव देत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत एमएस करतोय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. गेल्या आठवड्यात एका मोठ्या दुकानात सेल्फ चेकआऊटला त्याच्या काही वस्तू स्कॅन न होताच पिशवीत गेल्या. त्याचं म्हणणं, कानात इअरफोन होते, प्रोजेक्टच्या मुलांशी बोलणं चालू होतं, लक्ष नव्हतं. दारापाशी सिक्युरिटीने अडवून मागच्या खोलीत नेलं आणि कसल्यातरी कागदांवर सह्या घेतल्या. मग पोलीस आले, बोटांचे ठसे घेतले आणि समन्स हातात देऊन सोडलं. स्कॅन न झालेल्या मालाची किंमत १४६ डॉलर लावली आहे. बाकी सामानाचे पैसे भरलेत, पावती आहे.

समन्सचा फोटो पाठवलाय त्याने. वर ‘स्टेट ऑफ न्यू जर्सी विरुद्ध’, खाली त्याचं नाव, आणि कलमाच्या रकान्यात २सी:२०-११बी(१). ते पोराचं नाव तसं छापलेलं बघून पोटात गोळाच आला.

आता घरात तीन मतं आहेत. भावोजी म्हणतात, मॅनेजरला भेट, दुप्पट पैसे दे, मिटवून टाक. रूममेट म्हणतो, पहिल्या तारखेला गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपला. त्याचा एक सीनियर म्हणतो, ‘कंडिशनल डिसमिसल’ माग, वर्षभर नीट राहिलं की रेकॉर्ड साफ. ताईला बीपी आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. तारीख तीन आठवड्यांवर आहे. शिक्षा किती होऊ शकते, बचाव काय असतो आणि व्हिसाचं काय? डिसेंबरमध्ये घरात लग्न आहे, त्याचं तिकीटही काढून झालंय.

चहाबाज:

१४६ डॉलरचा माल ‘चुकून’? दोन-तीन वस्तू समजू शकतो. इकडे नाव आपलं सगळ्यांचं खराब होतं.

जर्सीकर:

चहाबाज, धागा मदतीचा आहे, निवाड्याचा नाही. रानजाई, आधी एक करा. भाच्याला सांगा, या प्रकाराबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही एक अक्षर लिहायचं नाही. काय घडलं, का घडलं, माफीबिफी, काही नाही. जे सांगायचं ते वकिलाला, तेही समोरासमोर.

पुणेरी वकील:

भावोजींचा सल्ला भारतीय डोक्यातून आलाय, म्हणून लिहितो. आपल्याकडे चोरीचा गुन्हा मालाच्या मालकाला तडजोडीने मिटवता येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये तर ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा माल असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. तिकडे ‘स्टेट विरुद्ध’ असं छापलंय, म्हणजे फिर्यादी राज्य. मॅनेजरने मनात आणलं तरी त्याला केस परस्पर बंद करता येत नाही. उलट पैसे घेऊन भेटायला गेलेल्या मुलाने ‘सॉरी, चूक झाली’ म्हटलं, तर तोच मॅनेजर उद्या साक्षीदार.

काळाकोट:

रानजाई ताई, मी न्यू जर्सीतच एका फौजदारी वकिलांच्या ऑफिसात काम करते. स्वतः वकील नाही, त्यामुळे हे माहिती म्हणूनच घ्या.

२सी म्हणजे इथली फौजदारी संहिता, २०-११ म्हणजे शॉपलिफ्टिंग. बी(१) म्हणजे पैसे न देता माल घेऊन जाणं. माल लपवणं बी(२)मध्ये येतं, किमतीचं लेबल बदलणं बी(३)मध्ये. माल मुद्दाम लपवलेला दिसला तर हेतू चोरीचाच होता असं कायदा गृहीत धरून चालतो. म्हणून सामान उघड्या पिशवीत होतं की जॅकेटच्या आत, हे वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारेल.

शिक्षा मालाच्या किमतीवर ठरते. २०० डॉलरच्या आत असेल तर ‘डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स’ म्हणजे किरकोळ गुन्हा, कमाल ६ महिने कैद आणि १,००० डॉलर दंड. २०० ते ५०० म्हणजे चौथ्या श्रेणीचा गुन्हा, १८ महिन्यांपर्यंत. ५०० च्या वर तिसरी श्रेणी, ३ ते ५ वर्षं. दोषी ठरला तर पहिल्या वेळीही किमान १० दिवस समाजसेवा आहेच, आणि तिसऱ्या वेळी किमान ९० दिवस कैद. १४६ डॉलर आणि पहिलीच वेळ, म्हणजे तुरुंगाचं भय मनातून काढा. मात्र दुकानाने जुनं फुटेज काढून ‘हा आधीपासून हेच करतोय’ असं दाखवलं तर एकाच प्रकारातल्या रकमा जोडता येतात. २०० ओलांडले की केस म्युनिसिपल कोर्टातून काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जाते. मागच्या खोलीत सही केलेल्या कागदांपैकी एक बहुतेक ‘पुन्हा या दुकानात पाऊल ठेवणार नाही’ असा असतो. तो मोडला तर वेगळा गुन्हा. दुसऱ्यावर कबुली आहे का, हे बघावं लागेल. आणि दुकानाच्या वकिलाचं पैसे मागणारं पत्र घरी आलं तर दचकू नका, ती दिवाणी बाब आहे. ते पैसे भरल्याने फौजदारी केस संपत नाही.

आता बचाव. राज्याला सिद्ध करायचं असतं की त्याने हे जाणूनबुजून, पैसे बुडवण्याच्या इराद्याने केलं, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. विसरणं, लक्ष नसणं हा गुन्हा नाही. पण ‘लक्ष नव्हतं’ हे तोंडाने म्हणून भागत नाही, कागद बोलायला हवेत. सेल्फ चेकआऊटच्या मशीनची नोंद मागवा. कुठली वस्तू कितव्या सेकंदाला स्कॅन झाली, मशीनने मध्येच ‘मदतनीसाची वाट पहा’ म्हणून अडवलं होतं का, सगळं त्यात असतं. फोनवर तो खरंच कॉलवर होता का, याची नोंद. खात्यात पैसे होते का. स्वस्त वस्तू स्कॅन झाल्या आणि नेमक्या महागड्या राहिल्या, असं असेल तर बचाव लंगडा पडतो, हेही सांगून ठेवते. चहाबाजांची शंका सरकारी वकीलही काढणारच. कॅमेऱ्याचं फुटेज दुकानं फार दिवस ठेवत नाहीत. ते जपून ठेवा असं पत्र वकिलाने याच आठवड्यात पाठवायला हवं. आणखी एक: ‘गप्प राहण्याचा हक्क आहे’ ही समज पोलिसांनी द्यायची असते, दुकानाच्या सिक्युरिटीवर ते बंधन नाही. त्या खोलीत तो जे बोलला ते बहुधा पुराव्यात येईल.

रूममेटचा सल्ला साफ चुकीचा. पहिल्या तारखेला फक्त ‘नॉट गिल्टी’ म्हणायचं आणि वकिलासाठी मुदत मागायची. म्युनिसिपल कोर्टात ज्यूरी नसते, सगळं न्यायाधीशासमोर.

आणि सीनियरचा सल्ला. हा सगळ्यात गोड वाटतो, म्हणून सगळ्यात जपून. कंडिशनल डिसमिसलमध्ये जायला आधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा दोषी ठरावं लागतं. मग वर्षभर देखरेख, आणि शेवटी राज्य म्हणतं, केस रद्द. नागरिकाला हे उत्तमच. पण इमिग्रेशनच्या संघीय कायद्यात दोषी ठरण्याची व्याख्या निराळी आहे. कबुली दिली आणि त्यावर कुठल्याही स्वरूपाचा दंड किंवा बंधन आलं, की त्यांच्या लेखी तो दोषी. पुढे न्यू जर्सीने रद्द केलं काय नि पुसलं काय. गंमत बघा, यापेक्षा मोठ्या गुन्ह्यांसाठी सुपीरियर कोर्टात ‘पीटीआय’ नावाचा असाच कार्यक्रम आहे, आणि त्यात बहुतेकदा कबुली लागतच नाही. म्हणजे किरकोळ गुन्ह्याची पळवाट परदेशी मुलाला जास्त महाग पडते. माझ्या मते हा कायदा लिहिताना व्हिसावरची मुलं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतीच.

तरी घाबरून जाऊ नका. चोरी हा इमिग्रेशनच्या भाषेत नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरला जातो, पण असा एकच असेल, त्याची कमाल शिक्षा एक वर्षाच्या आत असेल आणि प्रत्यक्ष शिक्षा ६ महिन्यांपेक्षा जास्त झाली नसेल, तर किरकोळ गुन्ह्याची सवलत आहे. भाच्याचं कलम त्यात बसतं. ही सवलत एकदाच. दुसऱ्यांदा काही झालं तर देशाबाहेर काढण्यापर्यंत जातं. म्हणून सवलत खर्चूच नये. वकिलाने आधी केस काढून घ्यायचा प्रयत्न करावा. ते नाही जमलं तर नगरपालिकेच्या नियमभंगावर उतरवता येते का ते बघावं, आणि त्या नियमाचे शब्द इमिग्रेशन वकिलाने सही करण्याआधी वाचावेत.

ऑस्टिनचा बापू:

टेक्ससमध्येही हाच सापळा, नाव ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’. माझ्या ओळखीतल्या एकाने केस रद्द झाली म्हणून पेढे वाटले आणि ग्रीन कार्डच्या वेळी तेच कागद समोर आले.

बे एरिया:

कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंत किरकोळ चोरी, आणि २०२१ पासून न्यायाधीश कबुली न घेताही डायव्हर्जन, म्हणजे खटल्याऐवजी अटी पाळून सुटण्याची संधी, देऊ शकतात. एका राज्याचा अनुभव दुसऱ्याला लावू नका. तो सीनियर कुठल्या राज्यातला आहे, विचारा जरा.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. सीनियर कॅलिफोर्नियातच शिकलाय! भावोजींना पुणेरी वकिलांचा प्रतिसाद वाचून दाखवला, आता शांत आहेत. दोन शंका राहिल्यात. भाचा ‘वकील परवडणार नाही’ म्हणाला तर? आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आत्ताच सांगावं का?

काळाकोट:

म्युनिसिपल कोर्टात सरकारी बचाव वकिलासाठी अर्ज करता येतो, अर्जाची फी २०० डॉलरपर्यंत असते आणि न्यायाधीश ती माफही करू शकतात. त्याला मात्र पहिल्याच भेटीत ‘मी नागरिक नाही’ हे सांगायचं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या २०१० च्या पडिया खटल्यापासून परदेशी अशिलाला हद्दपारीचा धोका समजावणं हे बचावाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा सल्ला असेल तर तिथेही विचारा.

आंतरराष्ट्रीय कार्यालयातली माणसं चांगली असतात, पण ती तुमचे वकील नाहीत. तिथे जे बोललात ते गुप्त राहीलच असं नाही. आधी इमिग्रेशन वकील, मग ते. २०२५ च्या एप्रिलमध्ये आठवतं ना, कित्येक मुलांच्या सेविस नोंदी (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) एकदम बंद केल्या होत्या, काहींच्या तर रद्द झालेल्या जुन्या केसेसवरून. मुलं कोर्टात गेल्यावर त्या परत सुरू झाल्या. म्हणून त्याने आपली नोंद चालू आहे ना, हे अधूनमधून विचारत राहावं.

आणि डिसेंबरचं तिकीट. केस चालू असताना भारतात जाऊ नये, माझं स्पष्ट मत. निव्वळ अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. इथे असताना रद्द झाला तर लगेच निघावं लागतंच असं नाही, पण भारतातून परत येताना व्हिसाचा नवा शिक्का लागेल.

चहाबाज:

व्हिसाच्या फॉर्ममध्ये अटक झाली होती का हा प्रश्न असतोच, केस रद्द झाली तरी ‘हो’ लिहायचं. लपवलं तर खोटं बोलल्याचा ठपका, तो चोरीपेक्षा वाईट. माझ्या पुतण्याचं झालंय, म्हणून आधी चिडून लिहिलं. निकालाची कोर्टाचा शिक्का असलेली प्रत दोन-तीन नग काढून ठेवा, रेकॉर्ड पुसलं जायच्या आधी. न्यू जर्सीत केस रद्द झाली की नोंद पुसण्याचा आदेश बऱ्याचदा लगेच निघतो, आणि मग तोच कागद मिळवताना नाकी नऊ येतात.

रानजाई:

हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. लिहून घेतलं. उद्या संध्याकाळी वकिलाशी फोन आहे, आमची वेळ पहाटेची. तिकीट रद्द करतेय. ताईला काय सांगायचं ते ठरवते आणि तारीख झाली की इथेच लिहिते.