क्लच कव्हर कॉस्टिकनं काळं पडलं! बाकीच्या अ‍ॅल्युमिनियमला कोणतं डिग्रीझर (ग्रीस काढायचं लिक्विड) लावू?

नमस्कार मंडळी,

सोलापुरातून लिहितोय. वडिलांची २००२ सालची स्प्लेंडर घरीच उघडलीय. इंजिन खाली उतरवलंय. चालायला गाडी ठणठणीत होती, पण वीसेक वर्षांचं चेनचं ग्रीस, धूळ आणि पाझरलेलं ऑइल मिळून डांबरासारखा थर बसलाय. मॅग्नेट साइडचं (वीज तयार करणाऱ्या भागाकडचं) कव्हर काढलं तर पुढच्या स्प्रॉकेटमागे बोटभर जाडीचा काळा गोळा. उकरला तसा ढेकळासारखा पडला, आत वाळू चमकत होती.

आता माझा शहाणपणा ऐका. शेजारचे काका डाइंगमध्ये कामाला. टॉवेलच्या कापडाच्या प्रक्रियेत लागतं ते कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड), त्याचे फ्लेक्स त्यांनी मागे ‘मोरी तुंबली तर टाका’ म्हणून डबाभर दिले होते. मी म्हटलं, मोरीतलं तेलतूप उडवतं तर ग्रीसला काय झालं? प्लास्टिकच्या टबात पाणी घेतलं, चार चमचे फ्लेक्स टाकले आणि क्लच कव्हर बुडवलं. मिनिटभरात सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे, मग फेस, मग टब बाहेरून कोमट लागायला लागला. मी खूश, काय काम चाललंय! दहा मिनिटांनी बाहेर काढलं. ग्रीस गेलं होतं हे खरं, पण कव्हर काळपट राखाडी झालेलं. बोट फिरवलं की काजळी हाताला, आणि गुळगुळीत होतं तिथं पॉलिश पेपरसारखं खरखरीत. आई बघून म्हणाली, “जर्मनच्या भांड्याला सोडा लावतं का कुणी? काळं पडणारच की.” हे तिला माहीत होतं, फक्त मी विचारलं नव्हतं.

आता हेड, मॅग्नेट कव्हर आणि कार्बोरेटर बाकी आहेत. त्यांना काय लावू? आमच्या गल्लीतल्या गॅरेजात कापलेल्या कॅनमध्ये पेट्रोल घेऊन सगळं धुतात, पण आमच्या मोरीच्या भिंतीपलीकडे गॅसची शेगडी आहे, त्यामुळं धीर होत नाही. रेशनचं रॉकेल तर आता बघायलाही मिळत नाही. आणि काळं पडलेलं कव्हर वाचेल का? त्याला ऑइल सीलची (ऑइल अडवणारी रबरी रिंग) आणि गॅस्केटची (जोडात बसणारी पातळ पट्टी) जागा आहे, म्हणून जास्त काळजी.

तेलकट हात :
दादा, पहिलं म्हणजे पेट्रोलचं नाव काढू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते आणि शेगडीपर्यंत पोचते. आम्ही डिझेल वापरतो. नाहीतर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घ्या. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमला काही करत नाहीत. पण तेही सकाळी सात-आठलाच वापरा. रॉकेल, डिझेल, टर्पेंटाइन यांची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला साधारण ३५ ते ४० अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२ असतं. पुण्याच्या माणसाचा व्हिडिओ बघून सोलापुरात दुपारी दोनला पत्र्याच्या शेडमध्ये डिझेलचा टब मांडून बसू नका.

पद्धत सांगतो. आधी कोरडं खरवडा, लाकडी पट्टीनं किंवा जुन्या प्लास्टिकच्या स्केलनं. गॅस्केटच्या जागेवर हॅक्सॉचं पान लावलंत तर कायमचं गळतीला आमंत्रण. मग डिझेलमध्ये अर्धा तास भिजवा, ब्रश मारा. हेडच्या पंख्यांच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या, खाचांत जुना टूथब्रश. मग टॉवेलची चिंधी, ती आपल्या गावात काय कमी आहे! डिझेलचा तेलकटपणा मागं राहतो, तो भांड्याच्या लिक्विडनं आणि कोमट पाण्यानं जातो. कार्बोरेटरला मात्र आधी रबरी ओ-रिंग, फ्लोट सगळं काढून घ्या. कार्ब क्लीनरमध्ये रबर फुगतं आणि मग परत बसत नाही.

लिटमस :
काळं का पडलं ते सांगतो, म्हणजे पुढं बाटली निवडताना चुकणार नाही. अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो त्याचं चिलखत. साधारण ४ ते ९ पीएचमध्ये (७ म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्कली) तो टिकतो. कॉस्टिक त्याला विरघळवतं आणि मग खालचा धातूच खायला लागतं. तुम्ही पाहिलेले बुडबुडे हायड्रोजनचे होते. बंद मोरीत आणि शेगडीशेजारी तोही पेट्रोलच्याच पंगतीतला! इंजिनची कव्हरं शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची नसतात, ओतकामात सिलिकॉन आणि थोडं तांबं असतं. कॉस्टिकला ते तितकं सहज खाता येत नाही, म्हणून ते काळी भुकटी होऊन वर उरतं. तुमच्या बोटाला लागलेली काजळी तीच.

उलट्या टोकालाही धोका आहे. फरशीचं अ‍ॅसिड लावलं तर खड्डे पडतील. चाकं चमकवायची काही लिक्विडं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडची असतात, त्यांना तर हातच लावू नका. ते कातडीतून आत जातं आणि दुखणं उशिरा कळतं.

धागाकर्ता :
धन्यवाद सर. बाजारात पाण्यात मिसळायची डिग्रीझर मिळतात, हिरवी, जांभळी. त्यातलं कुठलं चालेल हे कसं ओळखायचं? सगळ्यांवर ‘सर्व धातूंसाठी’ लिहिलेलं असतं.

लिटमस :
रंगावर जाऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं तर ठेवून द्या. परदेशी व्हिडिओंमध्ये मारतात तो ओव्हन क्लीनर म्हणजे बहुतेक वेळा हेच. पीएच पेपर शेजारच्या काकांकडं नक्की असेल, डाइंगमध्ये त्याशिवाय चालत नाही. लिक्विड वापरायचं तेवढंच पातळ करून तपासा. एक गोम आहे. काही डिग्रीझरांचा पीएच ११-१२ असूनही ती अ‍ॅल्युमिनियमला चालतात, कारण त्यातलं सिलिकेट धातूवर आवरण धरतं. म्हणून पीएच जास्त दिसला आणि अ‍ॅल्युमिनियमला चालतं असं बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर घेऊ नका. घेतलं तरी आधी कव्हरच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दहा मिनिटं बघा. बुडबुडे आले किंवा रंग फिरला की संपलं.

वॉशिंग सेंटर :
एवढा कुटाणा कशाला बे? प्रेशर पंपाखाली धरा, पाच मिनिटांत लख्ख.

तेलकट हात :
भाऊ, उघडलेल्या इंजिनवर प्रेशर मारून सीलमधून पाणी आत गेलेली गाडी नंतर आमच्याकडंच येते. 😄

धागाकर्ता :
रविवारी काम केलं, कळवतो. सकाळी साडेसहाला अंगणात डिझेल, मग भांड्याचं लिक्विड. हेडचे पंखे धातूच्या मूळ रंगावर आले. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून पहिल्यांदा बोअरच्या पाण्यानं धुतलं. उन्हात वाळताच पांढरे डाग! मग काकांच्या एसीचं साठवलेलं पाणी शेवटच्या हाताला वापरलं आणि लगेच पुसलं, डाग नाहीत.

क्लच कव्हर बाहेरून हिरव्या घासणीनं आणि मेटल पॉलिशनं घासलं. काजळी गेली, चमक गेली ती गेलीच. गॅस्केटची जागा काचेवर ठेवून पाहिली, सपाट आहे. किकच्या सीलची जागा मात्र थोडी खरखरीत लागते. सील बसवू की कव्हरच बदलू?

तेलकट हात :
नख फिरवा. नख अडकत असेल तर जुन्या बाजारात कव्हर बघा. नुसतं खरखरीत असेल तर ८०० नंबरचा पॉलिश पेपर ऑइल लावून हलक्या हातानं फिरवा, नवीन सील बसवा आणि पहिले १०० किलोमीटर रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. आणि मॅग्नेटची बाजू धुताना तिथली कॉइल काढलीत ना? ती भिजवायची नसते, फक्त कोरडा ब्रश.

धागाकर्ता :
काढली नव्हती. आत्ता जाऊन काढतो.