सॅन दिएगो कॉमिक-कॉन : बॅज नसला तरी जा

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या सॅन दिएगोला जुलैमध्ये भरणाऱ्या कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि मालिका-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, बॅज (प्रवेशपत्र) मिळाला नसताना मुलीला न्यावं का. त्यावर वर दोघांनी सल्ला दिलाय की बॅज संपले असतील तर कुणाचा तरी विकत घ्यावा. कृपा करून तसं करू नका. बॅजवर नाव छापलेलं असतं, तो दुसऱ्याला देता येत नाही आणि दारावर तिकीटविक्री होतच नाही. पैसेही जातात, दिवसही जातो. पण "मग लातूरहून पोरीला एवढ्या लांब नेऊन उपयोग काय?" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. मुलगी तशीही जुलैमध्ये मामाकडे लॉस एंजेलिसला असणार आहे ना? मग तिला एक दिवस जरूर न्या.

माझा धाकटा भाऊ तिकडे असतो. नांदेडहून त्याच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही बॅज नसतानाच गेलो. लॉस एंजेलिसहून पॅसिफिक सर्फलायनर रेल्वेने साधारण तीन तास, आणि सांता फे डेपो या सॅन दिएगोच्या स्टेशनपासून मेळावा भरतो ते कन्व्हेन्शन सेंटर पायी जाण्याइतकं जवळ. सेंटरसमोरचा रस्ता आणि रूळ ओलांडले की गॅसलॅम्प क्वार्टर हा शहराचा मध्यवर्ती भाग. तिथे आणि आसपासच्या मोकळ्या जागांवर स्टुडिओवाले आपापल्या मालिका-सिनेमांचे देखावे उभारतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बॅज लागत नाही, पैसेही नाहीत. काहींची नोंदणी मात्र आधी ऑनलाइन करावी लागते, ती विसरू नका. रांगा लांब, ऊन भरपूर (आपल्या मे महिन्यासारखं नाही हो), तेव्हा सकाळी लवकर पोचा. वेशभूषा करून आलेली मंडळी तर रस्त्यावरच भेटतात, विचारलं की आनंदाने फोटोला उभी राहतात. चित्रकारांचे स्टॉल आणि मोठी चर्चासत्रं मात्र आतच असतात, तेवढं पोरीला आधीच सांगून ठेवा.